मानेवरचा कोड

४ जानेवारी, सकाळ

धप्प, खळ्ळ. धप्प, खळ्ळ.

आज या आवाजाने जाग आली. रविवार, आमचा प्रेस बंद. म्हणजे आवाज साठ वर्षांपूर्वीचा. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून वडिलांचा पत्रा कापायचा हातप्रेस होता. इकडे गुरुजी कविता म्हणायचे, तिकडे दाब पडायचा, धप्प, आणि कापलेला तुकडा पत्र्याच्या घमेल्यात, खळ्ळ. बाकीची मुलं वृत्तं बोटांवर मोजून शिकली. मी प्रेसवर शिकलो. पाठांतर स्पर्धेत दुसरा आलो होतो. पहिल्याचं पुढे काय झालं कोण जाणे.

हे सगळं आठवायचं कारण, साहेबांचा कालचा फोन. साहेब म्हणजे कपडे धुण्याची मशिनं बनवणाऱ्या कंपनीचे खरेदीवाले. मशिनच्या दाराच्या मुठीत आत एक बोटभर पोलादी कडी असते. मूठ ओढली की कडी वळते, दार सुटतं. खट्. ती कडी आमची, एकतीस वर्षं. साहेब म्हणाले, दुसरीकडून घ्यायचा विचार चाललाय, तुमचं सप्टेंबरअखेर ठरवू. मी का म्हणून विचारलं. तर म्हणाले, तुमच्याकडूनच घ्यावी असं काही कारण आहे का?

कंपनीखेरीज आमच्या कडीला गिऱ्हाईक नाही. ऑर्डर गेली की कारखान्याला कुलूप. कारखाना म्हणजे तरी काय, एक प्रेस, मी आणि मिस्त्री.

संकल्प: सप्टेंबरपर्यंत कारण तयार करणे.

१२ जानेवारी

छोट्या कारखानदारांसाठी व्याख्यान होतं, गेलो. कोटवाला मुलगा तासभर बोलला. तुमची वस्तू लाखो घरांत आहे, पण घरातल्या माणसाला तुम्ही माहीत आहात का? आता सगळं प्लॅटफॉर्मवर जोडलेलं आहे. पार्ट बनवणारा, कंपनी, मेकॅनिक, ग्राहक, सगळे एका धाग्यात. मधल्यांना ओलांडा, थेट ग्राहकापर्यंत पोहोचा.

मला अगदी भरून आलं. एकतीस वर्षं लोक माझी कडी ओढतायत आणि एकालाही माझी ओळख नाही. शेजारच्या खुर्चीवरचा बोल्टवाला घोरत होता. त्याचं काय, बोल्टला भावना नसतात.

१५ जानेवारी

सूनबाई एका ऑफिसात हीच कामं करते. तिला विचारलं. म्हणाली, बाबा, सोपं आहे. कडीचा स्वच्छ फोटो टाका, कोणकोणत्या मशिनला बसते ते लिहा, मेकॅनिक लोक घेतील. बास.

बास म्हणे. यात काव्य कुठे आहे?

तिच्यावर विसंबायचं नाही. स्वतः करायचं.

२१ जानेवारी, सकाळी १०

फॉर्म भरायला बसलो. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवं. तिन्ही घातली. म्हणतो, कमकुवत आहे.

११.३०. फोटो नाकारला. पार्श्वभूमी पांढरी हवी. उशीचा अभ्रा घातला.

१२.१५. अभ्रा नाकारला. सुरकुत्या. ही म्हणाली, अहो, माझा धुतलेला अभ्रा तेलकट करून ठेवलात, आधी तो नाकारायला हवा होता.

४.००. वर्णनात मी माझी रचना घातली:

कडी मी इवली, दारात दडली,
कुणी ना पाहिली, आजवर.
आता पाहा मला, कोरला हा शिक्का,
जोडू स्नेह पक्का, जन्मभर.

प्लॅटफॉर्मने 'आजवर'पाशी कापली. अक्षरमर्यादा. गुरुजी असते तर त्याला बाकावर उभं केलं असतं.

'कोरला हा शिक्का' हे यमकासाठी आलं होतं. पण मग वाटलं, का नाही?

२ फेब्रुवारी

ठरलं. प्रत्येक कडीवर कोड कोरून घ्यायचा. मोबाइल धरला की थेट माझं पान उघडेल. आधी पूर्ण कविता, मग माझं बालपण, मग वडिलांचा प्रेस, शेवटी फोन नंबर. लेसरवाल्याशी बोललो. तो म्हणाला तांदळाएवढा पुरे. मी म्हटलं नखाएवढा कर, आणि खोल कर. जन्मभर टिकायला हवा.

जागा कुठली? कडीची पाठ पट्टीखाली झाकली जाते. टोक झिजतं. उरली मान, टोकाखालचा निमुळता भाग. तिथली कड जराशी घासली की सपाट जागा मिळते.

मिस्त्रींना नमुना दाखवला. सव्वीस वर्षं ते प्रेसवर आहेत. बोटांनी मान चाचपली आणि म्हणाले, मालक, मानेवर नको. सगळी ओढ मानेवर येते. मी म्हटलं, मिस्त्री, माणसाची ओळख पण मानेवरच असते, वर चेहरा असतो. ते म्हणाले, चेहऱ्यावर कोरा मग.

मिस्त्रींना कवितेचं अंग नाही. सातवीत शाळा सोडली.

१६ फेब्रुवारी

सहा महिन्यांचा माल कोरून तयार. कंपनीच्या तपासणीत पासही झाला, मापं तंतोतंत. मान मोजायला सांगितलेलंच नाही त्यांच्या कागदात.

घरच्या मशिनचीही कडी बदलली, मीच, स्क्रूड्रायव्हर घेऊन. जुनी मिस्त्रींनी अठरा वर्षांपूर्वी बसवलेली होती. ही म्हणाली, चांगली चाललीय, कशाला हात लावता. मी समजावलं की आपल्याच घरात आपला शिक्का नाही हे बरं दिसत नाही. म्हणाली, मूठ बंद असते, कुणाला दिसणार आहे?

तिचा मुद्दा क्षणभर खटकला. मुठीच्या आतला कोड ग्राहक पाहणार कसा? पण ज्याला ओढ असते तो शोधतोच.

३ मार्च

वाईट दिवस. मिस्त्रींनी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात कोरलेल्या दहा कड्या धरल्या आणि एकेक वाकवून दाखवली. सात मोडल्या, सगळ्या मानेपाशी. मग जुन्या दहा वाकवल्या. एकही नाही. मी म्हटलं, असं मुद्दाम वाकवलं तर माणूसही मोडतो. ते म्हणाले, तेच तर. आणि प्रेसची किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाले, माल परत मागवा, मी सगळा प्रेसवर नव्याने पाडून देतो, रविवारी पण येतो. नाहीतर माझ्याच्याने ही मान बघवत नाही.

परत मागवायचा म्हणजे साहेबांना कारण सांगावं लागणार. ते मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे वेळ योग्य नव्हती.

मिस्त्री गेले. रागावून नाही. हवापालट म्हणून. आठवड्यात येतील.

२० मार्च

आले नाहीत. पत्र लिहावं का? नको. त्यांनी लिहावं. लहान ते.

प्रेस स्वतः चालवून पाहिला. धप्प झालं, खळ्ळ झालं नाही. तुकडा साच्यातच अडकला. तो काढताना अंगठ्याचं नख गेलं. तसाही माल तयार आहेच. प्रेसला विश्रांती मिळतेय.

८ मे, सकाळी ९.४०

फोन किणकिणला. 'अभिनंदन. तुमच्या कडीपर्यंत एक ग्राहक पोहोचला.'

पहिला. कुणीतरी, कुठेतरी, मुठीच्या आत डोकावून माझी कविता वाचली. हिला सांगितलं. ती म्हणाली, मुठीच्या आत कोण कशाला डोकावेल? मी म्हटलं, रसिक.

दुपारपर्यंत आणखी दोन.

संकल्प: उद्यापासून रोज सहाला उठून प्रत्येक ग्राहकाला पद्यात उत्तर देणे.

९ मे

आठला उठलो. काल आनंदात झोप लागायला उशीर झाला होता.

२३ मे

एकूण स्कॅन सत्तेचाळीस. आता अभिप्रायही येऊ लागलेत. उतरवून ठेवतो.

'कविता वाचली. दार उघडलं नाही.'

'यांचं बालपण संपेपर्यंत टॉवेलांना वास आला.'

'मुलीचा गणवेश आत. शाळा अकराला. फोन नंबर कुठे आहे?' (शेवटी आहे. वाचावं लागतं.)

'वृत्त बरं आहे.' हा मेकॅनिक असावा. मन लावून वाचलंय.

तारा प्रत्येकाने एकच दिलाय. मी म्हणतो, शुक्राची चांदणीही एकटीच असते. गर्दी करून उगवत नाही.

हे सगळे दाराबद्दल का लिहितात, कळत नाही. माझा विषय कडी.

११ जून

एक खरा गुणग्राहक भेटला. प्लॅटफॉर्म नावपत्ता दाखवत नाही (थेट ग्राहकापर्यंत पोहोचा म्हणे, आणि मध्ये पडदा). फक्त 'ग्राहक ४४१७'. त्याने जुन्या, कोड नसलेल्या कड्या मागवल्या, पंचवीस. माळ्यावर तीन पेट्या पडून आहेत, त्या सूनबाईने केव्हातरी परस्पर यादीत टाकल्या होत्या. साध्या फोटोसकट.

जुन्या मालाची ओढ असलेला माणूस. माझ्याच वयाचा असणार. कुठल्यातरी खिडकीशी बसून जुन्या वस्तू न्याहाळणारा. कदाचित पाठांतर स्पर्धेतला पहिलाच.

प्रत्येक कडी कवितेच्या वेगळ्या कागदात गुंडाळली. पंचवीस प्रती हाताने लिहिल्या. बोटं दुखली. कुरियरवाला म्हणाला, आजोबा, चिठ्ठ्या आहेत का? म्हटलं, नाही, संवाद आहे.

१८ जून

४४१७ चं उत्तर आलं. 'माल मिळाला. कागद जाड वापरा, कडा टोचतात.'

मोजकं बोलणारा माणूस. अशांच्या पोटात फार असतं. जाड कागद आणला.

२ जुलै

४४१७: चाळीस. नंतर पुन्हा साठ. एवढ्या कड्यांचं तो काय करत असेल? संग्रह.

त्याच्यामुळे मिस्त्रींची उणीव वाटेनाशी झाली आहे. आज चहा दोन कप केला. सवयीने.

१४ जुलै

सूनबाई जेवायला आली होती. एकूण स्कॅन दोनशे बारा, हे मी अगदी सहज सांगितलं. ती घास हातात धरून थांबली. म्हणाली, बाबा, कोड मुठीच्या आत आहे ना? म्हटलं, हो. म्हणाली, मग तो दिसतो केव्हा? म्हटलं, मूठ उघडली की. मूठ उघडतात केव्हा? मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, कडी मोडली की. हे दोनशे बारा ग्राहक नाहीत बाबा, दोनशे बारा अडकलेली दारं आहेत.

ही म्हणाली, भाजी घे गं.

सूनबाई पुढे म्हणाली, आणि हे आकडे कंपनीलाही दिसतात, सगळं जोडलेलं आहे. तुम्हीच फोन करून सांगा त्यांना, त्यांनी विचारायच्या आत.

आकडेवारीत वाढलेल्या पिढीला प्रत्येक आकड्यामागे बिघाड दिसतो. दोनशे बारातले काही तरी ओढीने आले असतील. निम्मे धरू. पाव धरले तरी त्रेपन्न.

साहेबांना उद्या फोन करायचा.

१५ जुलै

रेंज नव्हती.

१६ जुलै

रेंज होती. साहेब जेवत असतील म्हणून केला नाही.

५ ऑगस्ट

कारखान्यात जाऊन बसलो. प्रेसवर धूळ. फडक्याने पुसला. मिस्त्रींचा चष्मा खिडकीत राहिलाय, जवळचा. त्याच्याशिवाय त्यांना पेपर वाचता येत नाही. नेऊन द्यावा का? घर दोन गल्ल्या सोडून. दारापर्यंत जाऊन आलो. म्हणजे आपल्या कारखान्याच्या दारापर्यंत.

नख अर्धं उगवलंय.

२९ ऑगस्ट

जुन्या कड्या संपल्या. ४४१७ ने शंभर मागितल्या होत्या, सदतीसच निघाल्या. तसं कळवलं. त्याचा निरोप: 'नव्या पाडा. कोड नको.' मी लिहिलं, सध्या प्रेस बंद आहे. त्याने विचारलं: 'चालवायला माणूस नाही का?'

अनोळखी माणसासमोर घरातलं कशाला काढायचं? मी लिहिलं, 'माणूस आहे. रजेवर आहे.'

त्यावर त्याचं काही आलं नाही. आठ दिवस वाट पाहीन.

७ सप्टेंबर

आलं नाही. रसिक असे मध्येच तुटतात. वाईट वाटलं, नेमकं कशाचं ते कळलं नाही.

१९ सप्टेंबर

साहेबांच्या ऑफिसातून फोन. अठ्ठावीसला अकरा वाजता या, स्कॅनचे सगळे आकडे घेऊन या, वरचे लोकही बसणार आहेत. वरचे लोक. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

सूनबाई म्हणाली, बाबा, मी येते बरोबर. आणि मिस्त्रींना घेऊन चला, माल बदलून द्यायची तयारी दाखवा, काही तरी वाचेल. मी म्हटलं, सत्काराला एवढी माणसं नेत नाहीत. ही म्हणाली, यांच्या डोक्यात शिरायचं तर आधी मूठ उघडावी लागेल.

घरात विनोदाला तोटा नाही.

२७ सप्टेंबर

भाषण तयार. सुरुवात भुजंगप्रयातात, मग गद्य, समारोप पुन्हा पद्यात. राखाडी पँट आणि पांढरा शर्ट हिला धुवायला दिला. माझ्याकडे नीटस असा तोच जोड आहे. बाकीच्यांना प्रेसचं तेल.

एकूण स्कॅन तीनशे नव्वद. रात्रीत चारशे झाले तर भाषणात आकडा गोल बसेल.

२८ सप्टेंबर, सकाळी ७.१०

ही म्हणाली, मशिनचं दार उघडत नाहीये.

मी मूठ ओढली. नुसती हलते, आतून काही येत नाही. काचेतून शर्टाची बाही दिसतेय. हात हलवल्यासारखी.

७.४०. मूठ उघडायला गेलो, स्क्रूची खाच झिजली. स्क्रू फेब्रुवारीत मीच घाईत आवळला होता. पाणी आतच आहे.

८.१५. दाराला खांदा लावला. आता खांदा दुखतोय. ही म्हणाली, बाजूला व्हा, मी मेकॅनिक बोलावते. तिने मोबाइलवर दोन बोटं फिरवली आणि म्हणाली, पावणेदहाला येतोय, जवळच राहतो, एकशे ऐंशी लोकांनी पाच तारे दिलेत. हिला हे कुणी शिकवलं? म्हणे सुनेने, जानेवारीत, पाच मिनिटांत.

८.४०. तेलकट पँट घालून गेलो तर? ही म्हणाली, जा, निदान काम करता असं वाटेल.

९.०५. साहेबांच्या ऑफिसातून फोन. यायची गरज नाही. आकडे आम्हाला इथे दिसतात. कागद पोस्टाने पाठवतो. मी विचारलं, कसले कागद? माणूस सभ्य होता, म्हणाला, मिळतील तुम्हाला. भाषणाचं विचारायचं राहून गेलं.

एकतीस वर्षं. मोजून बारा शब्दांत.

९.२०. लुंगी आणि बनियनवर मशिनसमोर स्टुलावर बसलो आहे. मेकॅनिक आला की त्याला सांगायचं, ही कडी मी बनवली. कुणालातरी एकदा समोरासमोर सांगायचं होतं. वाक्य मनात घोळवतोय. 'या कडीचा कर्ता मीच.' की नुसतं 'ही आमची'?

९.५० नंतर केव्हातरी

बेल वाजली. हिने दार उघडलं. मी मागोमाग गेलो.

दारात मिस्त्री. खांद्याला पिशवी, नाकावर नवा चष्मा, गळ्यात प्लॅटफॉर्मचं ओळखपत्र. त्यावर फोटो आणि खाली आकडा. ४४१७.

माझं वाक्य यांना सांगून उपयोग नव्हता.

मिस्त्री माझ्याकडे न बघता हिला म्हणाले, वहिनी, खाली जुनं फडकं टाका, पाणी येईल. खाच झिजलेला स्क्रू पाहिला, कुणी आवळला ते विचारलं नाही. दोन मिनिटांत मूठ उघडली. कडी मानेपाशी तुटलेली, तुकड्यावर कोड मात्र अगदी शाबूत. त्यांनी त्यावर मोबाइल धरला. म्हणाले, नियम आहे, मोडका पार्ट स्कॅन करावा लागतो. टेबलावर माझा फोन किणकिणला. 'अभिनंदन. तुमच्या कडीपर्यंत एक ग्राहक पोहोचला. अंतर: शून्य मीटर.'

मग पिशवीतून त्यांनी जुनी कडी काढली. जाड कागदात गुंडाळलेली, माझ्याच अक्षरात. ती सोडवली, कविता बाजूला काढली, तिने बोटांचं तेल पुसलं आणि कडी बसवली.

खट्.

दार उघडलं. शर्टाची बाही बाहेर आली, मागून पाणी.

मिस्त्री उठले, गुडघा चोळला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून म्हणाले, मालक, मी रजेवर आहे असं तुम्ही लेखी कळवलंय. तेवढं विचारायला यायचंच होतं. भरपगारी का बिनपगारी?

एक फडकं पुरणार नव्हतं. दुसरं आणायला आत गेलो.